किवाबाईंचा घोडादेव

१

शोवा राजवटीचं ते तेहेतिसावं वर्ष, म्हणजे एकोणीसशे अठ्ठावन्न साल. त्या हिवाळ्यात हिनोकुची गावात एवढा बर्फ पडला, की टपालाची घोड्याची घसरगाडी सोडली तर गावात येणारं-जाणारं काही उरलं नाही. जानेवारीच्या चौदा तारखेला सकाळी तोमे सुईण दारातला बर्फ फावड्याने बाजूला ओढत होती. तेवढ्यात पुलाकडून निशिगोरी मास्तर पळत येताना दिसले. वाटेत दोनदा आपटले, दोनदा चष्मा शोधला आणि तिच्यापुढे येऊन धापा टाकत उभे राहिले.

"तोमेबाई, लवकर चला. किवाबाईंनी बोलावलंय."

तोमेच्या हातून फावडं सुटलं. "कळा? अहो, त्यांच्या सुनेला अजून पाच महिने आहेत!"

"कळा नाहीत हो. देव गेला."

"कुणाचा?"

"म्हणजे... घरातला. चोरीला गेला."

तोमेने आधी सुस्कारा सोडला आणि मग पायात गवताचे बूट चढवले. तिचं वय तेव्हा बासष्ट. चौथी मुलगी झाली तेव्हा आईबापांनी तिचं नाव तोमे ठेवलं होतं. तोमे म्हणजे 'आता पुरे'. त्यानंतर आणखी तीन मुली झाल्या, तेव्हा त्या नावाचा काय उपयोग झाला ते दिसतंच आहे. गावातली चाळिशीच्या आतली सगळी माणसं तिने जन्मताच पाय धरून उलटी लोंबकळवलेली. त्यामुळे तिच्याशी खोटं बोलणं लोकांना जड जायचं. कुणाची अंगठी हरवली, कुणाचं बदक पळालं, की पहिल्यांदा हाक तोमेला.

पण देव हरवल्याची हाक पहिलीच होती.

२

किवाबाईंचं घर जुन्या पद्धतीचं, काटकोनी. एका अंगात माणसं, दुसऱ्या अंगात घोडी, आणि दोन्हींच्या मधे मातीचं अंगण, तिथे घोडीचं आंबोण शिजवायची मोठी कढई. सगळं एकाच छपराखाली.

देवाच्या खोलीत किवाबाई मांडी ठोकून बसल्या होत्या. समोर उघडी लाकडी पेटी. ओशिरा देवांची जोडी त्या घरात दोनशे वर्षं नांदत होती: तुतीच्या लाकडाच्या हातभर लांब दोन काठ्या, एकीला मुलीचं तोंड, दुसरीला घोड्याचं. दरवर्षी सोळा जानेवारीला गावच्या बायका जमायच्या, देवांना खेळवायच्या आणि दोघांच्या अंगावर एकेक नवं कापड चढवायच्या. जुनं काढायचं नाही. त्यामुळे दोघंही कोबीच्या गड्ड्यासारखे गरगरीत झाले होते. मुलीचं कापड डोक्यावरून घेऊन गळ्याशी बांधायचं. घोड्याच्या कापडाला मधे चीर द्यायची आणि मान बाहेर काढायची. पहिल्यापासून तशीच रीत.

आता पेटीत मुलगी तेवढी होती, डोक्यावरून कापड घेऊन, एकटी.

"एक तारखेला नैवेद्य दाखवला तेव्हा दोघं होते," किवाबाई म्हणाल्या. "आज ह्या मास्तरांना दाखवायला म्हणून पेटी उघडली, तर हे! परवा बायका येणार. त्यांना काय सांगू? देव फिरायला गेलाय?"

"मुलगी तशीच ठेवून घोडा एकटाच गेला?" तोमेने विचारलं.

"मला काय माहीत त्यांच्यातलं!" असं म्हणून किवाबाईंनी स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि आवाज चढवला. "माझ्या पस्तीस वर्षांत असं झालं नाही. समुद्राकाठची सून आणली. गेल्या साली मूल टिकलं नाही, औंदा देव टिकला नाही. उद्या सकाळी टपालाची गाडी स्टेशनला जाते. तिच्यात बसायचं आणि माहेरी जायचं. बाळंतपण तिकडेच होऊ दे. पुढचं पुढे बघू. बोलावलं तरच यायचं."

"मुलाला, एइकिचीला विचारलंस?"

"तो तोक्योत पूल बांधतोय. वसंतात येईल तेव्हा सांगेन."

सून मित्सुए चहा घेऊन आली. तिने पेला खाली ठेवला. तोमेने तिचा हात धरला, नाडी बघितल्यासारखं केलं, आणि तिची नजर नखांवर थबकली.

डिसेंबरच्या शेवटी ह्याच पोरीची नखं कागदासारखी पांढरी होती. चुलीपाशी बसून तोमे तेव्हा कुजबुजली होती, "रोज एक अंडं खा, बाई. दुसरं काही नको. ह्या घरात चालत नाही, ठाऊक आहे मला. देव बघत नसेल तिथे खा." ओशिराच्या घरात दोन पायांचं, चार पायांचं मांस तर नाहीच, पण अंडंसुद्धा वर्ज्य, खाल्लं तर तोंड वाकडं होतं म्हणतात. मित्सुए नुसतीच कसनुसं हसली होती. शेजारी कान्जिरो आजोबा, किवाबाईंचे सासरे, चिलीम ठोकत बसले होते. पण वय चौऱ्याऐंशी आणि कानाने ठार बहिरे, ते असून नसल्यासारखेच.

आज नखं गुलाबी होती.

"तब्येत बरी दिसते," तोमे म्हणाली.

मित्सुएने एकदम तोंडावर हात धरला आणि आत पळाली.

तोमेच्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात बाहेरून किवाबाईंची किंकाळी आली, "तोमे! इकडे ये! चोर सापडला! देवाने दाखवून दिला!"

३

मास्तर चुलीपाशी बसले होते आणि त्यांचा डावा गाल भोपळ्यासारखा फुगला होता. तोंड पार एका अंगाला ओढलेलं.

"बघ, वाकडं झालं!" किवाबाईंनी बोट रोखलं. "देवाला हात लावला त्याने!"

"नाही हो," मास्तर म्हणाले. ते 'नाही लो' असं ऐकू आलं.

"आ करा," तोमे म्हणाली.

"तुम्ही सुईण आहात ना?"

"दोन्हीकडे आत काय आहे तेच बघायचं असतं. आ करा." तिने बोट घातलं, मास्तर कळवळले. "दाढेचा तुकडा उडालाय. काय खाल्लंत?"

"मोची. नवीन वर्षाची भाताची वडी."

"ती एक तारखेची? किवा, अगं, ती दगड झालेली मोची भाजून भिजवून द्यायची असते. पाहुण्याच्या हातात धोंडा दिलास तर दात राहील का? ह्याचं तोंड देवाने नाही, तू वाकडं केलंस."

किवाबाई पुटपुटत बाहेर गेल्या. मास्तर तोक्योच्या विद्यापीठातून जुन्या गोष्टी उतरवून घ्यायला आलेले, वय अठ्ठावीस, स्वभावाने भाबडे. महिनाभर ह्याच घरी मुक्काम. देवांवर त्यांचा डोळा होताच, पण वहीत चित्र काढण्यापुरता.

"आता मला सांगा," तोमे जवळ सरकली. "रोज सकाळी तुम्ही गिरणीकडे जाता. माझ्या खिडकीतून दिसता. जाताना ताडताड जाता, आणि येताना दोन्ही हात खिशाजवळ धरून नव्या नवरीसारखी इवली इवली पावलं टाकत येता. खिशात काय असतं?"

मास्तरांचा उरलेला गालही लाल झाला. "ते मी सांगू शकत नाही. शब्द दिलाय."

"कुणाला?"

मास्तरांनी मिठाची गुळणी धरली. तोमेने त्यांची वही ओढून घेतली. तीन तारखेपासून तेरा तारखेपर्यंत, रोज एक, अशा अकरा गोष्टी. प्रत्येकीखाली एकच नाव: कान्जिरो आजोबा.

"हे आजोबा?" तोमे चकित झाली. "आणि तुम्ही विचारलेलं त्यांना ऐकू येतं?"

"अगदी स्वच्छ," मास्तर बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. दुखऱ्याच बाजूची.

४

गोन्पे मोडवाल्याला तोमेने दुपारी गाठलं. हा जुन्या वस्तू विकत घ्यायचा: मडकी, तलवारी, लोकांच्या आजोबांची चित्रं. अकरा तारखेला तो किवाबाईंकडे गेला होता आणि ओशिराची जोडी मागून शिव्या खाऊन आला होता.

"गोन्पे, घोडा तुझ्याकडे आहे?"

"मावशी, मला पाय धरून उलटा धरलात ते एकदा पुरे झालं," गोन्पे म्हणाला. "सगळी वखार बघा. आणि डोकं चालवा. जोडी असेल तर गिऱ्हाईक आहे. एकटा घोडा घेऊन मी काय करू? एका पायाचा बूट कुणी घेतं का? चोरायचंच असतं तर मुलगी तिथे कशाला ठेवली असती? दोघं एकाच पेटीत, एकाच हातात मावतात."

"तेच मी सकाळपासून म्हणतेय."

"मग घरातल्याच कुणाला घोड्याचं काहीतरी खुपत असेल. त्याने काय लाथ मारली?"

गोन्पे आपल्याच विनोदावर हसत राहिला. तोमे हसली नाही. ती घरी गेली, मुळ्याचं लोणचं आणि भात खाल्ला आणि विचार करत बसली. पैशासाठी घेतला म्हणावं तर जोडी नेली असती. किवाबाईंचा राग म्हणून घेतला म्हणावं तर तेही दोन्ही फेकले असते. घोड्यात असं काय आहे, जे मुलीत नाही?

पंधरा तारखेला सकाळी ती पुन्हा निघाली. आभाळ निवळलं होतं, बर्फावर ऊन इतकं की डोळे मिटावेत. किवाबाईंच्या दाराशी मित्सुएचं गाठोडं बांधून ठेवलेलं. किवाबाई देवाच्या खोलीला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून, रात्रभर दाराशीच झोपल्या होत्या. चेहरा ओढलेला.

"एवढी राखण कशाची? जायचा तो गेला की."

"आता मुलगीही गेली तर?" किवाबाई खेकसल्या. "ह्या घरात काही धड नाही. हे म्हातारे बघ, दहा वर्षांत काडी इकडची तिकडे केली नाही. आणि गेला पंधरवडा रोज सकाळी घोडीचं आंबोण मीच शिजवणार म्हणून हट्ट. कढईजवळ मला फिरकू देत नाहीत!"

तोमे काही बोलणार, तेवढ्यात मास्तर गिरणीकडून आले. गाल फडक्याने बांधलेला, हात खिशाशी, पावलं इवलीशी. दारातल्या पायरीवर त्यांचा पाय सरकला आणि ते कुशीवर धाडकन पडले.

आणि पांढऱ्याशुभ्र बर्फावर, त्यांच्या खिशातून, हळूहळू पिवळं काहीतरी पसरायला लागलं.

५

किवाबाई पाठमोऱ्या होत्या. तोमेने पायाने भराभर त्यावर बर्फ लोटला, मास्तरांना उठवलं आणि कानात म्हणाली, "एका गोष्टीला एक अंडं?"

मास्तरांनी मान डोलावली. "गिरणीवाल्याच्या कोंबड्यांची. मला वाटलं आजोबांनाच आवडतात. लपून खात असतील. देवाचं मला काही ठाऊक नाही, शपथ."

तोमे कढईकडे गेली. डावाने तळ ढवळला. कोंडा, बार्ली, आणि नखाएवढं एक पांढरं कवच. ते हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. आंबोणाच्या कढईत अंडं उकडलं तर वास कोंड्याचाच येणार. म्हाताऱ्याच्या बाहीतून सोललेलं अंडं नातसुनेच्या हातात जाणार. नखं गुलाबी होणार. इथवर सरळ होतं. पण देव?

आणि मग तिला आपलंच वाक्य आठवलं, आणि कानशिलं तापली. देव बघत नसेल तिथे खा. तिने म्हणायचं म्हणून म्हटलं होतं. म्हणजे कुठेतरी आड, गोठ्यात, शेजारी. पण म्हातारा जुन्या पिढीचा. त्याने शब्द न् शब्द उचलला.

मुलीच्या डोक्यावरून कापड आहे. तिला काही दिसत नाही. कापडातून मान बाहेर काढून डोळे उघडे ठेवून बसलेला आहे तो घोडा.

तोमे घोडीच्या ठाणात शिरली. कान्जिरो आजोबा चाऱ्याच्या पेटीवर बसून चिलीम ओढत होते.

"आजोबा, उठा."

आजोबांनी कानाला हात लावून 'काय?' अशी खूण केली.

"उठा म्हणते. अकरा अंडी झाली, बारावं आत्ता दारात फुटलं."

आजोबा निमूट उठले. पेटीत, गवताच्या उबेत, घोडीकडे तोंड करून घोडादेव निजवलेला होता.

"त्याला इथे करमतं," आजोबा हळूच म्हणाले. "जातभाई आहे ना. आज पंधरा तारीख, आजच परत ठेवणार होतो गं. हिने कालच पेटी उघडली. मग कुलूप लावून आडवी झोपली, मी आत जाणार कसा? आणि इथे सापडला म्हणावं तर ठाण झाडते कोण? तीच पोर. तिच्यावरच आलं असतं."

"आणि तुम्ही सांगून टाकलं असतं तर?"

"मग अंड्याचं सांगावं लागलं असतं. तेही तिच्यावरच. मी दोन दिवस हाच हिशेब करतोय. कुठूनही मोजलं तरी पोर गाडीत बसते."

रस्त्यावरून घंटा ऐकू आल्या. टपालाची गाडी पुलावर आली होती.

"चला," तोमे म्हणाली. "माझ्या तोंडाने व्हायचा तो घोळ झाला. आता तुमच्या तोंडाने होऊ दे."

६

चुलीभोवती सगळे बसले. आजोबांनी देव मांडीवर घेतला होता. मित्सुए बाहेर जायचे बूट हातात धरून दाराशी उभी. बाहेर गाडीवान ओरडत होता, "अहो, घोडा गारठतोय! कोण येणार ते या!"

आजोबांनी सगळं सांगितलं. गोष्ट सांगतात तसंच. कुठे थांबायचं ते त्यांना ठाऊक होतं. "रीत मी मोडली नाही," ते शेवटी म्हणाले. "देवाच्या डोळ्यांपुढे कुणी काही खाल्लं नाही. बघा, एकाचंही तोंड वाकडं नाही. मास्तरांचं सोडून."

कुणी हसलं नाही. किवाबाईंचा चेहरा लाकडासारखा झाला होता.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"तुम्हाला ऐकू येतं."

"हवं ते येतं."

किवाबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग त्यांनी जे विचारलं ते तोमे जन्मभर विसरली नाही. कारण एइकिचीच्या आधी ह्या बाईची तीन मुलं तिने, नवशिकी सुईण असताना, स्वतःच्या हातांनी कापडात गुंडाळली होती.

"मामंजी, माझ्या वेळेला तुमचे कान चांगले होते. ह्या खोलीत, ह्या चुलीपाशी मी भुकेने रडायची. तेव्हा का नाही हो नेलंत देवाला बाहेर?"

आजोबांनी चिलीम खाली ठेवली. "ऐकू येत होतं, सूनबाई. पण तुझी सासू होती, माझी आई होती. धीर झाला नाही." मग ते म्हणाले, "आता त्या दोघी नाहीत. फक्त तू आहेस."

"म्हणजे माझ्यापुढे उभं राहायला कमी धीर लागतो म्हणा."

"नाही. जास्तच लागतो. म्हणून तर बहिरा झालो."

आधी मास्तरांना हसू फुटलं, आणि हसताना दाढ दुखून ते 'आई गं' ओरडले. मग तोमे हसली. किवाबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पदराने डोळे पुसावेत तसे बाहीने नाक-डोळे खसाखसा पुसले आणि ताडकन उठून दारात गेल्या.

"जा रे बाबा तू," त्या गाडीवानावर ओरडल्या. "कुणी येत नाही! आणि उद्या येताना वीस अंडी घेऊन ये. आमच्या मास्तरांची दाढ मोडलीय, त्यांना मऊ लागतं!"

मग त्या मित्सुएकडे वळल्या. "बूट धरून काय उभी राहिलीस? ते गाठोडं आत घे, ओलं होतंय. आणि मास्तरांची अंडी तू उकडायचीस. त्यांनी नाही खाल्ली तर टाकायची नाहीत. ह्या घरात अन्न टाकत नाहीत."

"हो, आई," मित्सुए म्हणाली. तिला एवढंच म्हणता आलं.

दुसऱ्या दिवशी गावच्या बायका जमल्या. देवांना खेळवलं, गाणी झाली, गोड लाल बीन्सचा भात झाला. नवं कापड चढवायची वेळ आली तेव्हा किवाबाईंनी कात्री घेतलीच नाही. घोड्याचं निळं कापड चीर न देता अख्खंच्या अख्खं डोक्यावरून घातलं आणि गळ्याशी गाठ मारली.

"अगं किवा, चीर विसरलीस की!" एकजण म्हणाली.

"विसरले नाही. थंडी फार आहे," किवाबाई म्हणाल्या. "झाकलेला बरा."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं, पण किवाबाईंच्या घरात किवाबाईंना कोण विचारणार!

जूनमध्ये, लावणीच्या दिवसांत, मित्सुएला मुलगी झाली. वजन एवढं की तोमेला उलटी धरताना दोन्ही हात लागले. एइकिची तोक्योहून आला तो परत गेलाच नाही. गिरणीच्या मालकाबरोबर भागीत राहिला. कान्जिरो आजोबा त्याच वर्षी पानगळीत गेले, पणतीच्या पाळण्याशेजारी बसल्या बसल्या. निशिगोरी मास्तरांचं पुस्तक चार वर्षांनी निघालं. त्यात अकरा गोष्टी आहेत. बारावी राहूनच गेली, कारण तिचं मोल बर्फात सांडलं होतं. दाढ मात्र त्यांनी तोक्योत बसवून घेतली. गोन्पेने पुढे शहरात दुकान काढलं आणि तिथे तो स्वतःला विद्वान म्हणवायचा. तोमेने बाळंतपणं केली ती सदुसष्ट सालापर्यंत; मग तालुक्याला दवाखाना झाला आणि तिने हात धुऊन टाकले.

मित्सुएला पुढे आणखी दोन मुलगे झाले. किवाबाई ब्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. स्वतः त्यांनी शेवटपर्यंत अंडं तोंडाला लावलं नाही. पण दोन्ही वेळेला, चौथा महिना लागला की त्या पहाटे उठून गिरणीपर्यंत स्वतः चालत जायच्या, आणि येताना दोन्ही हात खिशाशी धरून, अगदी हळूहळू, बर्फातून परत यायच्या.